ओंजळभर पाण्याची साक्ष

फार जुनी गोष्ट आहे, इतकी जुनी की त्या नदीचं नावही आता कुणाला आठवत नाही. तिच्या काठी एक रंगारी राहायचा. त्याच्यासारखा लाल रंग पंचक्रोशीत कुणाला साधत नसे. कापड रंगवून झालं की रांजणात उरलेलं पाणी, रंग पक्का बसायला तुरटी नि हिराकस घातलेलं, तो घाटावरून नदीत ओतून द्यायचा. त्याच्या बापानंही तेच केलं होतं, फक्त बापाच्या वेळी रांजण थोडे होते.

खालच्या अंगाला भोयांची वस्ती होती. मासे अंडी घालायचे, त्या दिवसांत तिथं कुणी जाळं टाकत नसे. रीतच होती तशी. तरी तीन वर्षं झाली, जाळ्यात नवी पिल्लं दिसेनात. सापडायचे ते सगळे जुने, थोराड मासे. ते संपले की वस्तीच्या चुली विझणार होत्या. म्हणून वस्तीतली सगळ्यांत म्हातारी धुरपा आजी पाटलाच्या ओट्यावर जाऊन बसली आणि तिनं रंगाऱ्याचं नाव घेतलं.

रंगारी काही वाईट माणूस नव्हता हो. पण कामावर बोट ठेवलं की कारागिराला झोंबतंच. तो तडक घाटावर गेला आणि सगळ्यांदेखत खालच्या अंगाचं ओंजळभर पाणी प्याला. म्हणाला, मी धडधाकट आहे, मोठे मासेही धडधाकट आहेत, मग पाण्याचा काय दोष? पाटलानं मान डोलावली. त्या गावात ओंजळीची साक्ष शेवटची मानत.

आजी म्हणाली, "तू प्यालास नि घरी निघालास, बाबा. अंड्यानं कुठं जायचं? त्याला त्या पाण्यातच डोळे फुटायचेत, त्यातच कणा धरायचाय."

मग तिनं शेवाळाला चिकटलेली एकाच मासोळीची अंडी दोन मडक्यांत वाटली. एकात घाटाच्या वरचं पाणी, दुसऱ्यात खालचं. आणि मडकी ठेवली कुठं, तर रंगाऱ्याच्याच पडवीत.

पहिल्या दिवशी रंगारी हसला. दुसऱ्या दिवशी मात्र रंग ढवळता ढवळता दोनदा उठून डोकावून आला. चौथ्या दिवशी वरच्या पाण्यात टाचणीएवढी पिल्लं सुरसुर पळत होती. खालच्या पाण्यातली बरीचशी अंडी पांढरी पडली होती. जी फुटली, त्यांतली पिल्लं पाठीत वाकलेली. पुढं जायला बघत नि जागच्या जागी गोल फिरत. एक बिचारं फिरून फिरून थांबलं. रंगाऱ्याला ते बघवेना.

तेवढ्यात त्याची सून कळशी घेऊन निघाली. सातवा महिना होता तिला. जवळ पडतं म्हणून ती घाटाखालचंच पाणी भरायची. रंगाऱ्याच्या तोंडून निघून गेलं, "पोरी, ठेव ती कळशी. वरच्या अंगाचं पाणी मी आणून देतो."

बोलला आणि त्यानं तिच्या हातातली कळशी काढून घेतली. ज्या पाण्याची साक्ष त्यानं गावापुढं दिली होती, ते सुनेच्या पोटात जाऊ द्यायला त्याचं मन धजत नव्हतं. निवाडा झाला होता, आणि तो त्यानंच केला होता.

त्याच दिवशी पाटलाकडं जाऊन त्यानं आपली साक्ष मागं घेतली. नदीपासून लांब, खडकाळ माळावर हौद बांधला आणि उरलेलं पाणी डोक्यावरून तिथं नेऊन उन्हात आटवू लागला. मान मोडायची, कापडही कमी निघायचं, पण त्यानं नेम चुकवला नाही.

तिसऱ्या वर्षी भोयांच्या जाळ्यात करंगळीएवढे मासे आले. त्यांनी ते परत पाण्यात सोडले. धुरपा आजी ते बघायला उरली नव्हती. रंगाऱ्याची चिमुरडी नात मात्र काठावर बसून त्यांना चुरमुरे टाकत होती.

म्हणून सांगतो, पाणी चांगलं की वाईट, हे ते पिऊन निघून जाणाऱ्या मोठ्याला विचारू नये; त्यात जन्मणाऱ्या लहानग्याला विचारावं.