रिकाम्या वृक्षाचा वर

त्रेतायुग नुकतेच उगवले होते आणि अरण्यांना अजून सीमा पडल्या नव्हत्या, तेव्हा सह्याद्रीच्या पूर्व उतारावर उदर्क नावाच्या तपस्व्याचा आश्रम होता. बारा वर्षे अखंड राखलेला त्याचा अग्नी एका वादळात विझला. अग्नी मंथून काढण्याची लाकडे, म्हणजे अरणी, किडली होती. नवी अरणी शमीच्या पोटातून उगवलेल्या अश्वत्थाचीच लागते. तसा वृक्ष त्या अरण्यात एकच होता, आणि त्याच्या ढोलीत वाघाटी नुकतीच व्याली होती. घरच्या मांजरीहूनही लहान अशी ही रानमांजरी तेव्हा अंगावर एकही डाग नसलेली, सोनेरी होती.

वृक्षापुढे दहीभाताचा बळी ठेवून उदर्क म्हणाला, "येथे राहणाऱ्यांनो, हा बळी घ्या आणि अन्यत्र वास करा. तीन दिवस मी कुऱ्हाड उचलणार नाही."

ढोलीतून वाघाटीने डोके काढले. "मुनिवर, हा शब्द समजू?"

"शब्दच."

"मग मी दुसरी ढोली शोधून येते. पिल्लांचे डोळे अजून उघडले नाहीत."

ती गेली. अमावास्येला अग्नीची स्थापना व्हायची होती, आणि अमावास्या चौथ्या दिवशी येईल असे उदर्काने धरले होते. दुसऱ्या सकाळी गणित पुन्हा मांडताना एका तिथीचा क्षय निघाला. अमावास्या उद्यावर आली. त्याने कुऱ्हाड उचलली.

"आणि त्या बाळंतिणीला दिलेला शब्द?" त्याची पत्नी सुमेधा आडवी आली.

"देव समजून घेतील."

"देवांना कुठे दिला होता तो?"

"बळीचा भात उरलेला नाही. ती पिल्ले घेऊन गेली असेल."

"भात मुंग्यांनी नेला, मी पाहिले. निदान ढोलीत डोकावून तरी पाहा!"

"यथासांग केलेल्या विधीवर अविश्वास दाखवू? वृक्ष रिकामा आहे."

वृक्ष कोसळला. खोड दगडावर फुटले, आणि ते रिकामे नव्हते.

तरीही उदर्क थांबला नाही. तपोबलाने ओले लाकूड वाळवून अमावास्येला त्याने अग्नी चेतवला. त्याच वेळी वाघाटी परतली. फुटलेली ढोली पाहून ती वेदीवर झेपावली. ठिणग्या उसळल्या आणि तिच्या सोनेरी अंगावर गंजासारखे डाग कायमचे उमटले.

उदर्काने हात जोडले. "शाप दे मला."

"शापालाही शब्द लागतात. शब्दांवरचा माझा विश्वास तुझ्या दारात मेला."

"मग वर माग."

"माझी जात माणसाच्या दृष्टीस पडू नये."

"तथास्तु," तो म्हणाला, आणि तत्क्षणी समोरची वेदी ओस दिसू लागली. क्षमा मागायला त्याने जोडलेले हात तसेच राहिले. सुमेधेने त्या अग्नीवर कधीच अन्न शिजवले नाही.

तो वर आजही फिटलेला नाही. वाघाटी ढोल्यांतून राहते, एकटी हिंडते आणि क्वचितच कोणाला दिसते. म्हणून जेव्हा रान तोडायला माणसे येतात, तेव्हा ती एकदा वर पाहतात, खोडावर थाप मारतात आणि निःशंक मनाने म्हणतात, "काही नाही यात. घाला घाव."