निमी मुंगीचा तीळ आणि थंडीनं अडलेला ट्रक

"तोंडात शब्द नाही नि अंगात जोर नाही. हिला जमतोय होय संक्रांतीचा तीळ!"

थोरली जाऊ सासूबाईंच्या कानात कुजबुजली. पण मुंग्यांचं बीळ ते केवढं! नव्या सुनेनं सगळं ऐकलं.

नवी सून म्हणजे निमी मुंगी. इवलीशी, काळीशी, गप्पशी.

त्या घरची रीत होती. पहिल्या संक्रांतीला नव्या सुनेनं तीळ आणायचा. एकटीनं आणायचा. तीळ नाही, तर संक्रांत नाही!

निमी उठली. निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

बाहेर निफाडची थंडी. हू हू हू!

बिळाजवळच सर्जेरावकाका नि काकींचं घर. काकींच्या अंगणात तीळ सांडला होता. एकच तीळ! निमीनं उचलला. चालली, दमली. हुश्श! जरा खाली ठेवला.

तेवढ्यात वारा आला. सूंऽऽ! तीळ घरंगळला. काकांच्या कांद्यांनी भरलेल्या ट्रकखाली गेला. मागच्या चाकाच्या खाचेत अडकला.

निमीनं ओढला. सुटेना. ढकलला. सुटेना.

मागून आवाज आला, "कुक् कुक् कुक्!"

तांबडी कोंबडी!

"चाक हलू दे," कोंबडी म्हणाली. "मग तीळ माझा. मी इथंच उभी."

निमी झटकन वळली. ती ट्रकवर चढली. तुरुतुरु, तुरुतुरु.

"ट्रकदादा, ट्रकदादा, चालाल का?
तीळ सुटेना,
कोंबडी आली टोचायला!"

आत सर्जेरावकाका किल्ली फिरवत होते. खर्र खर्र खर्र!

ट्रक म्हणाला, "मी नाही जा! गारठलोय. आधी डिझेल वाहू दे, मग मी चालेन."

निमी गेली डिझेलच्या नळीपाशी. तुरुतुरु, तुरुतुरु.

"डिझेलराव, डिझेलराव, वाहाल का?
ट्रक चालेना,
तीळ सुटेना,
कोंबडी आली टोचायला!"

नळीत डिझेल बसलं होतं. घट्ट, तुपासारखं.

"मी नाही जा! थंडीनं थिजलोय. आधी गरम पाणी नळीवर पडू दे, मग मी वाहीन."

खर्र खर्र... खर्र. ट्रकचा आवाज बारीक झाला.

"अहो!" काकी अंगणातून ओरडल्या. "किती खरखर करताय? बॅटरी बसेल ना!"

"मग काय करू? कांदे काय चालत जाणारेत बाजारात?"

"थांबा म्हणते ना! बंब पेटू दे. गरम पाणी ओतते नळीवर."

"मग पेटव की!"

"कशानं पेटवू? गोवऱ्या दवानं भिजल्यात. एक कोरडी मिळेना."

निमीनं ऐकून ठेवलं. निघाली पाण्याकडे. तुरुतुरु, तुरुतुरु.

कोंबडी चाकाजवळ सरकली. टोच!

"पाणीताई, पाणीताई, तापाल का?
डिझेल वाहेना,
ट्रक चालेना,
तीळ सुटेना,
कोंबडी आली टोचायला!"

बंबाच्या पोटातून पाणी म्हणालं, "मी नाही जा! आधी बंब पेटू दे, मग मी तापेन."

निमी बंबावरून खाली आली. तुरुतुरु, तुरुतुरु.

"बंबोबा, बंबोबा, पेटाल का?
पाणी तापेना,
डिझेल वाहेना,
ट्रक चालेना,
तीळ सुटेना,
कोंबडी आली टोचायला!"

बंब म्हणाला, "मी नाही जा! आधी कोरडी गोवरी येऊ दे, मग मी पेटेन."

खर्र... खर्... ख.

"बसली का बॅटरी?" काकींनी विचारलं.

"एका वेळेपुरती आहे," काका म्हणाले. आता त्यांनी किल्लीवरचा हात काढला. "एकदाच फिरेल. नाहीतर संपलं."

एकदाच! निमी पळत सुटली. तुरुतुरु-तुरुतुरु-तुरुतुरु!

कोंबडी आणखी सरकली. टोच! टोच!

छपराखाली सगळ्या गोवऱ्या ओल्या. कोपऱ्यात एक कोरडी. छान, कडक कोरडी.

"गोवरीबाई, गोवरीबाई, निघाल का?
बंब पेटेना,
पाणी तापेना,
डिझेल वाहेना,
ट्रक चालेना,
तीळ सुटेना,
कोंबडी आली टोचायला!"

गोवरी म्हणाली, "मी नाही जा! कशी निघू? माझ्यावर बोका झोपलाय. आधी बोका उठू दे, मग मी निघेन."

निमीनं वर पाहिलं. बापरे! केवढा बोका! पोट वर, पोट खाली. घुर्र... घुर्र...

"बोकोबा, बोकोबा, उठाल का?
गोवरी निघेना,
बंब पेटेना,
पाणी तापेना,
डिझेल वाहेना,
ट्रक चालेना,
तीळ सुटेना,
कोंबडी आली टोचायला!"

बोक्यानं एक डोळा उघडला. "मी नाही जा! आधी ऊन येऊ दे, मग मी उठेन."

आणि डोळा मिटला. घुर्र...

ऊन? ऊन तर डोंगरापलीकडे. तिथं कोण जाणार? कधी पोचणार?

चाकाजवळ कोंबडी. टोच! टोच! टोच!

निमी थांबली. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. पुढे विचारायला कुणीच नव्हतं.

मग ती बोक्याच्या शेपटीवर चढली. शेपटीवरून पाठीवर. पाठीवरून डोक्यावर. डोक्यावरून थेट नाकाच्या शेंड्यावर.

आणि... कडकट्ट चावली!

"म्याँऽऽव!"

बोका उठला! टुणकन् उडाला.
गोवरी निघाली! गडगड, गडगड, काकींच्या पायाशी.
"अगंबाई, कोरडी आहे की!" काकींनी उचलली.
बंब पेटला! धडधड, धडधड.
पाणी तापलं! बुडबुड, बुडबुड.
काकींनी नळीला फडकं गुंडाळलं. वर गरम पाणी ओतलं. चर्रऽऽ!
डिझेल वाहिलं! झुळझुळ, झुळझुळ.

"आता फिरवा," काकी म्हणाल्या.

काकांनी किल्ली धरली. एकदाच फिरणार होती.

निमी चाकापाशी पोचली. कोंबडीनं मान लांब केली. चोच तयार.

खर्...

खर्र...

ख...

कुणी हललं नाही.

धड्! धड् धड्! धडधडधडाड!

ट्रक चालला! चाक फिरलं. तीळ सुटला. टप्प!

कोंबडी झेपावली. चोच खाली आली. निमीच्या अगदी डोक्यावर आली.

आणि ट्रकनं मागून धूर सोडला. फुस्सऽऽ! काळा काळा धूर. कोंबडीच्या तोंडावर!

"आक्... आक्... आक्छीं! कुक्कुच् कू!" तांबडी कोंबडी काळी होऊन पळाली.

निमीनं तीळ उचलला. डोक्यावर घेतला. बिळाकडे निघाली. तुरु... तुरु... तुरु. तीळ जड होता ना!

बिळाच्या दारात सगळ्या उभ्या. सासूबाई, थोरली जाऊ, दोन नणंदा.

"आली, आली! वहिनी तीळ घेऊन आली!" नणंदा नाचल्या.

"वाऱ्यानं आणून टाकला असेल दारात," जाऊबाई म्हणाल्या.

सासूबाईंनी निमीकडे पाहिलं. तिचे पाय धुरानं माखलेले. मिशीला बोक्याचा केस.

"वाऱ्याला मिशा नसतात गं, बोक्याचा केस अडकायला," सासूबाई म्हणाल्या. "सूनबाई, तूच वाट हो तीळ. मान आज तुझा."

निमीनं तीळ फोडला. एक तुकडा सासूबाईंना. एक एक नणंदांना. आणि सगळ्यांत मोठा तुकडा जाऊबाईंच्या हातावर.

मग निमीनं तोंड उघडलं. 

"तीळ घ्या जाऊबाई, गोड बोला. आणि मी समोर नसले, तरी गोडच बोला हं!"