रांजणआजी तीनदा जेवली

फार जुनी गोष्ट आहे, बाळांनो. इतकी जुनी, की त्या वेळी राजा कोण होता हे सांगायलाही आता कुणी उरलं नाही. मागे भिंतीला टेकून बसलेल्या मोठ्यांनीही कान इकडे द्यावा, कारण गोष्टीतली चूक मोठ्यांचीच आहे.

एका नदीकाठच्या गावात निळाऱ्यांची आळी होती. निळारी म्हणजे कापड निळीत रंगवणारे. ज्याचे हात कोपरापर्यंत निळे, तो निळारी, हे कुणीही लांबून ओळखावं. आळीच्या मधल्या चौकात गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेला एक रांजण होता, सात पिढ्यांचा. आता निळीचं पाणी काही आपणहून रंग देत नाही. ते आंबवावं लागतं, उबेत ठेवावं लागतं, वेळच्या वेळी त्याला गूळ, कोंडा आणि चुना खाऊ घालावा लागतो. तब्येत बरी असली की त्यावर जांभळट निळा फेस येतो. बिघडली की काळं गढूळ पाणी उरतं, त्यात फडकंसुद्धा रंगत नाही. आळीतले बाकी सगळे रांजण याच रांजणातलं पाणी विरजण म्हणून नेऊन लावलेले. त्यामुळे सगळी आळी त्याला आई मानायची.

आणि आईपुढे कुणी तोंड उघडायचं नाही, अशी तिथली रीत होती. तोंडाला फडकं बांधून चौकात जायचं, काम करायचं, मुकाट बाहेर यायचं. बाहेर येऊनही रांजणाबद्दल अवाक्षर काढायचं नाही. रांजण अशक्त दिसतोय असं कुणी म्हटलं तर तो खरंच मरतो, अशी समजूत. ही रीत कुणी घातली ते विचारू नका. विचारायचं तरी कुठं, बोलायलाच बंदी होती ना.

रांजणाची राखण ज्या घराकडे होती, त्या घरात चार माणसं. म्हातारा दाजीबा, तो आळीचा मुख्य. त्याचा मुलगा मल्हारी. सून भिवरा. आणि भिवराची लेक सगू, वय वर्षं चार.

दाजीबा दिवसाला दहा शब्द बोलायचा, मल्हारी आठ. उरलेले सगळे सगू बोलायची. आंघोळीला बोलावलं की म्हणायची, “कालच धुतलंय मला, अजून मळले नाही मी.” आजोबांच्या टकलावरून हात फिरवून म्हणायची, “आजोबांना मागच्या बाजूलापण कपाळ आहे.” भिवरानं एकदा दटावलं, “सगे, गप्प बस बघू.” तर सगू भाबडेपणानं म्हणाली, “मी गप्पच आहे आई, तोंड बोलतंय.”

भिवरा पदर तोंडात धरून हसायची आणि लेकीचं एकेक बोलणं मनात जपून ठेवायची. त्या मुक्या घरात तिला तेवढाच विसावा होता.

पोरीला सांभाळायला दुसरं कुणी नव्हतं. म्हणून भिवरा पहाटे कामाला जाताना तिला चौकाच्या उंबऱ्यावर बसवायची आणि दिवेलागणीला घरी न्यायची. सगूनं रांजणाचं नाव रांजणआजी ठेवलं होतं आणि तिथून तिच्या या आजीशी गप्पा चालायच्या. दाजीबाच्या कपाळाला आठ्या पडायच्या. पण तोंडाला फडकं, रागवायचं कसं? तो नुसते डोळे वटारायचा, आणि सगू हात हलवून त्याला हसायची.

त्या वर्षी पौषात थंडी जबर पडली. एका रविवारी सगू म्हणाली, “रांजणआजीला थंडी वाजतेय. तिला कुणी पांघरूणच घालत नाही.” सोमवारी जेवताना तिनं तक्रार केली, “रांजणआजी आज तीनदा जेवली आणि मी दोनदाच. हे बरोबर आहे का?” मंगळवारीही तेच गाऱ्हाणं, “आजपण ती तीनदाच जेवली.” बुधवारी नाकाला हात लावून म्हणाली, “आजीला नव्या भिंतीचा वास येतोय.” भिवरा हसली. मल्हारीही मिशीत हसला. दाजीबानं “जेव मुकाट्यानं” म्हणून त्या दिवसातले दोन शब्द खर्च केले.

गुरुवारी रांजणावर फेस नव्हता. पाणी काळं पडलेलं. कापड बुडवून पाहिलं, तर बाहेर आलं ते मळक्या राखेच्या रंगाचं.

आळी हादरली. बायका डोळ्यांना पदर लावून उभ्या राहिल्या. बाहेरच्या पिंपळाखाली माणसं जमली आणि जो तो सगूकडे बोट दाखवू लागला. पोरीनं बडबड करून सात पिढ्यांचा रांजण मारला, दुसरं काय. दाजीबानं मान खाली घालून निवाडा दिला. पोरीनं मामाच्या गावी जावं, आणि शहाणी होऊन गप्प बसायला शिकली की यावं, म्हणजे आठ वर्षांची झाल्यावर.

चार वर्षं. भिवरानं लेकीला घट्ट पोटाशी धरलं.

निरोप गेला आणि दोन दिवसांनी मामा बैलगाडी घेऊन आला. भिवरा गाठोडं बांधायला बसली, पण हात चालेनात. सगू शेजारी बसून पाहत होती. ती म्हणाली, “मी गेले की रांजणआजीशी कोण बोलणार? तुम्ही सगळ्यांनी तर तिच्याशी कट्टी घेतलीय.”

भिवराला भडभडून आलं. पोर गेली तर निदान तिची बोलणी तरी विसरायची नाहीत, असं ठरवून ती बोटांवर एकेक आठवू लागली. आंघोळीचं बोलणं. टकलाचं बोलणं. थंडीचं. मग तीनदा जेवल्याचं. तिथं तिचं बोट थांबलं.

सोमवारी दिवेलागणीला तिनं स्वतः रांजणात वाडगाभर चुना घातला होता. फेस कमी दिसला, म्हणून. मंगळवारीही घातला होता. कुणाला सांगितलं नव्हतं, कारण सांगायचं नसतं. म्हणजे रोजचं एक जेवण तिचं झालं. मग बाकीची दोन जेवणं कुणी घातली?

भिवरा उठली. लेकीला कडेवर घेतलं आणि तडक चौकात गेली. तिथं अख्खी आळी तोंडं बांधून रांजणाभोवती उभी होती. भिवराच्या तोंडाला फडकं नव्हतं.

“मामंजी, एक विचारायचंय,” ती म्हणाली.

दाजीबानं ओठांवर बोट ठेवलं. त्या चौकात सात पिढ्यांत मोठ्या माणसाचा आवाज उमटला नव्हता.

“आज गप्प बसले तर माझी पोर जाईल, मामंजी. मी विचारणारच. सोमवारी पहाटे तुम्ही रांजणात चुना घातलात का?”

तेवढ्यात मल्हारीनं तोंडावरचं फडकं खाली ओढलं. “दुपारी मी घातला. सोमवारीही, मंगळवारीही. फेस उतरलेला दिसला. वाटलं, कुणाच्या ध्यानातच आलं नाही.”

“आणि दोन्ही दिवस दिवेलागणीला मी घातला,” भिवरा म्हणाली.

सगळे म्हाताऱ्याकडे पाहत होते. अखेर दाजीबानं फडक्याची गाठ सोडली.

“पहाटे मी घातला,” तो म्हणाला. “दोन्ही दिवस.”

दोन दिवसांत सहा वाडगे. महिनाभर पुरणारा चुना त्या रांजणाच्या घशात तिघांनी मिळून कोंबला होता, एकमेकांना न सांगता, आणि तोही मायेपोटी.

“पोरगी रोज सांगत होती,” भिवरा म्हणाली. “तीनदा जेवली म्हणाली, नव्या भिंतीचा वास येतो म्हणाली. चुन्याचाच वास तो. आपण हसलो. आणि या सगळ्याच्या आधी, रविवारीच म्हणाली होती, आजीला थंडी वाजतेय.”

दाजीबानं बाही सारून हात कोपरापर्यंत पाण्यात घातला. पाणी नदीसारखं गार होतं. रोग होता थंडीचा, आणि औषध दिलं होतं अजीर्णाचं.

पण आळी ती आळी. गर्दीतली एक म्हातारी बोललीच, “चुना असेल बाई. पण बडबडीनंही बाधलं नसेल कशावरून?”

भिवरानं सगूला कडेवरून उतरवून उंबऱ्यावर बसवलं. “मला आठ दिवस द्या,” ती म्हणाली. “सगू इथंच बसेल आणि मनाला येईल ते बोलेल. तिच्या बोलण्यानं रांजण मरत असेल, तर तो उठायचा नाहीच. मग मी स्वतः तिला गाडीत बसवीन. उठला, तर माझी पोर कुठं जाणार नाही.”

दाजीबानं मान डोलावली. मामानं बैल सोडले आणि आठ दिवसांचा पाहुणचार झोडायला तो ओट्यावर आडवा झाला.

घराघरांतून घोंगड्या आल्या. त्या रांजणाच्या तोंडावर पांघरल्या, गळ्याभोवती गोवऱ्यांची मंद धग ठेवली. चुना बंद. सकाळ-संध्याकाळ गूळ आणि टाकळ्याच्या रानभाजीचं शिजवलेलं बी, एवढंच पथ्य. सगू उंबऱ्यावर बसून गुळाच्या खड्याची वाटणी करायची. “हा आजीला. हा मला. हापण मला, कारण आजी आजारी आहे.”

दोन दिवस काहीच झालं नाही. तिसऱ्या दिवशी भिवरा सकाळपासून जेवली नव्हती. पाणी काळंच होतं आणि ती म्हातारी येऊन मान हलवून गेली होती. मल्हारी म्हणाला, “धीर धर.” भिवराला धीर नव्हता, पण कुठं जाणार? ती लेकीजवळ बसून राहिली.

पाचव्या दिवशी सगू रांजणाला कान लावून म्हणाली, “आजीनं ढेकर दिली.” या वेळी कुणी हसलं नाही. दाजीबा गुडघ्यांवर बसला, त्यानंही कान लावला. आत पाणी बुडबुडत होतं. सहाव्या दिवशी सगू म्हणाली, “आता भिंतीचा वास गेला. गोठ्याचा येतोय.” दाजीबाच्या डोळ्यांत पाणी आलं, कारण नीट आंबलेल्या निळीला गोठ्याचाच वास येतो आणि निळाऱ्याला त्याहून चांगला वास ठाऊक नाही.

आठव्या दिवशी सकाळी आळी पुन्हा चौकात जमली. घोंगड्या काढल्या. काठोकाठ जांभळट निळा फेस आला होता. भिवरानं कोरं पांढरं कापड घेतलं आणि दोन्ही हातांनी हळूच आत सोडलं. शंभर आकडे होईपर्यंत थांबली. बाहेर काढलं तेव्हा ते पोपटी होतं. मग वारा लागला आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत ते हिरवं झालं, मोरपंखी झालं, आणि बघता बघता गर्द निळं झालं, असं निळं की आळीत कुणी कधी पाहिलं नव्हतं.

ज्या चौकात सात पिढ्या कुणी मोठं माणूस बोललं नव्हतं, तिथं एकच गलका उठला. बायकांनी भिवराला मिठ्या मारल्या. मल्हारीनं सगूला खांद्यावर घेऊन रांजणाभोवती फेऱ्या मारल्या, आणि मामाही गर्दीत शिरून नाचला. सगळ्यांत मोठ्यानं ओरडत होती ती मान हलवणारी म्हातारी. भिवरा मात्र ते ओलं कापड छातीशी धरून हसत होती आणि रडतही होती, आणि लपवत काहीच नव्हती.

गलका ओसरल्यावर दाजीबा उठला. रांजणासमोर जाऊन उभा राहिला. साठ वर्षं त्यानं त्या रांजणाची सेवा केली होती, पण एक शब्द त्याच्याशी बोलला नव्हता. त्यानं घसा खाकरला. ओठ हलले, शब्द सुचेना. तो गोंधळून नातीकडे पाहू लागला.

सगू बापाच्या खांद्यावरून वाकली आणि हळूच म्हणाली, “आधी विचारा, जेवलीस का.”

“जेवलीस का?” दाजीबानं विचारलं.

तेव्हापासून त्या आळीची रीत बदलली. रांजणात कुणी काहीही घातलं, की उंबऱ्यावर उभं राहून मोठ्यानं सांगायचं: काय घातलं, किती घातलं. आणि उंबऱ्यावर सदा एक चार-पाच वर्षांचं पोर बसवायचं, त्याला कुणी गप्प कर म्हणायचं नाही. त्यानंतर आळीत एकही रांजण मेला नाही, आणि तिथली निळी लुगडी सात राज्यांत गेली.

तात्पर्य: लेकरांच्या बोलण्यावर हसावं जरूर, पण हसून झालं की ते ऐकावंही.