वाघाखालची जागा

एका लहानशा संस्थानात, मुलींच्या शाळेत द्वारकाबाई सृष्टिज्ञान शिकवत. रान कसं चालतं ते मुलींना एका नजरेत कळावं म्हणून त्यांनी फळाभर चित्र काढलं होतं. तळाशी गवत, त्यावर गवत खाणारं हरीण आणि सर्वांत वर हरणाला खाणारा वाघ.

दुसऱ्या दिवशी महाराज शाळा पाहायला येणार, म्हणून दिवाण बहिरराव तपासणीला आले. चित्र पाहून त्यांचा चेहरा खुलला.

"वा! हे तर आपलं संस्थानच! गवत म्हणजे रयत, हरीण म्हणजे मी आणि वाघ म्हणजे साक्षात महाराज. तशी नावं लिहा, बाई. नाही लिहिलीत, तर दुसरी नोकरी शोधा."

बाईंना प्रश्न पडला, मुलींना रान शिकवायचं की खुशामत? तरी त्यांनी खडू उचलला आणि तिन्ही नावं लिहिली. मग नम्रपणे विचारलं, "दिवाणसाहेब, या चित्रात प्रत्येक जण खालच्याला खातो. तुम्ही रयतेला खाता, हे उद्या महाराजांना मी वाचून दाखवू, की तुम्ही दाखवाल? आणि महाराज तुम्हाला कधी खाणार, असं एखाद्या मुलीनं विचारलं, तर काय सांगू?"

मुली खुदखुदल्या. बहिररावांनी खिशातला रेशमी रुमाल काढला आणि स्वतःच्या हातानं तिन्ही नावं पुसली.

"गवत हे गवतच असू द्या, बाई," निघताना ते हळूच म्हणाले, "आणि हरीणसुद्धा हरीणच."