टोपणाला लाल व्हायचंय

एक होतं टोपण. एवढुस्सं. गाडीच्या इंजिनात तेल ओततात ना, त्या भोकाचं टोपण. काळं, तेलकट, मेणचट.

एके दिवशी त्याच्या रंगाची खपली उडाली. टप्प! डोक्याला टक्कल पडलं.

टोपण रडणार, तेवढ्यात इंजिनाचं मोठं झाकण शेजारी येऊन बसलं. काल तेही काळंच होतं. आज मात्र लाल, चकचकीत लाल.

टोपणाच्या पोटात दुखलं. भारी दुखलं.

"हे लाल, आणि मी टकलं? मला लाल व्हायचंय. याच्याहून लाल."

टोपण निघालं. टिण टिण, टिण टिण.

रंगकामाच्या कारखान्यात भट्टीपाशी होती इंदूकाकू.

"काकू काकू, मला भाज. मी लाल होईना."

काकू म्हणाली, "आधी रंगाची पावडर लाव. मग भाजीन."

टोपण निघालं. टिण टिण, टिण टिण.

पावडरचा फवारा घेऊन उभा होता भास्करमामा.

"मामा मामा, पावडर उडव. काकू भाजेना, मी लाल होईना."

मामा म्हणाला, "तुझ्या आट्यांत पावडर बसली, तर तू फिरशील कसं? आधी आट्यांना टेप लाव. मग उडवीन."

टोपणानं मागे पाहिलं. झाकण चमकत होतं. पोट आणखी दुखलं. टिण टिण, टिण टिण.

टेप कापत बसली होती रेवाताई.

"ताई ताई, टेप लाव. मामा उडवेना, काकू भाजेना, मी लाल होईना."

ताई म्हणाली, "अंगावर जुना रंग, त्यावर टेप टिकत नाही. आधी वाळूनं घासून घे. मग लावीन."

टिण टिण, टिण टिण.

वाळूच्या पेटीपाशी होता यल्लाप्पाकाका.

"काका काका, वाळू मार. ताई लावेना, मामा उडवेना, काकू भाजेना, मी लाल होईना."

काका म्हणाला, "शी, किती तेलकट तू. माझी वाळू चिकट होईल. आधी अंघोळ कर. मग मारीन."

टोपणानं मागे पाहिलं. झाकण अजून चमकत होतं. पोट फारच दुखलं. टिण टिण, टिण टिण.

गरम पाण्याच्या टबापाशी होती सुगंधामावशी.

"मावशी मावशी, अंघोळ घाल. काका मारेना, ताई लावेना, मामा उडवेना, काकू भाजेना, मी लाल होईना."

मावशी म्हणाली, "घालते की. पण आधी तुझी रबराची रिंग काढ. रबर भट्टीत वितळतं. दे झाकणाकडे, ते सांभाळेल."

झाकणाकडे? टोपण फुगून बसलं.

"त्याला लाल रंग मिळाला. आता माझी रिंगपण?"

टबातलं पाणी निवायला लागलं.

शेवटी टोपण झाकणाकडे गेलं. हळूच म्हणालं, "धरशील? पण घालायची नाही."

झाकण म्हणालं, "नाही घालणार."

टोपणानं रिंग दिली.

मग मावशीनं अंघोळ घातली, छपाक छपाक. काकानं वाळू मारली, सुर्रर्र. ताईनं टेप लावली, चर्र चर्र. मामानं पावडर उडवली, फुस्स फुस्स. काकूनं भट्टीत भाजलं, धग धग धग. ताईनं टेप सोलली, आणि टोपण झालं लाल!

टोपणानं झाकणाकडे पाहिलं. दोघं सारखीच लाल. जास्त नाही, कमी नाही. टोपणाच्या पोटात जरासं दुखलं.

झाकण म्हणालं, "घे तुझी रिंग. मला सारखी घालावीशी वाटत होती. पण नाही घातली. माझ्याकडे कुठे आहे अशी रिंग?"

टोपण बघतच राहिलं. म्हणजे झाकणाच्याही पोटात दुखत होतं!

टोपणाचं पोट दुखायचं थांबलं. त्यानं रिंग घातली. झाकणाच्या डोक्यावर चढलं. गर्र गर्र फिरलं आणि घट्ट बसलं.

गोष्ट झाली. टोपणाखाली झाकली.