टाकीच्या तोंडावरची पिशवी

फार मागे, रस्त्यांवर फुफाटा उडायचा तेव्हा, हिरामणकडे एक जुनी पिकअप गाडी होती. धूळ आत जाऊ नये म्हणून त्याने पेट्रोलच्या टाकीच्या झाकणावर प्लास्टिकची पिशवी घट्ट बांधली. तेव्हापासून गाडी थोडी चालायची आणि मधेच बंद पडायची.

"आज थांबलीस तर भंगारात देईन बघ," हिरामण म्हणाला. घाटात ती थांबलीच.

"माझ्याकडे पेट्रोल येत नाही," कार्बोरेटर म्हणाला.

"मी ओढून दमलो बाबा, टाकीच सोडत नाही," पंप म्हणाला.

"मी कशाला धरून ठेवू?" टाकी गोंधळली. "पोट भरलंय, पण जीव गुदमरतोय. का, ते मलाच कळेना."

"हवा आत घ्यायचं माझं भोक पिशवीखाली बुजलंय," झाकण हळूच म्हणालं.

"मग सांग की हिरामणला," टाकी म्हणाली.

"कसं सांगू? मायेनं बांधलीय त्यानं."

पेट्रोल बघायला हिरामणने पिशवी सोडून झाकण उघडलं. टाकीने भसकन हवा ओढली. गाडी सुरू झाली. चक्रावून त्याने पिशवी पुन्हा उचलली, तर तिला मधोमध भोकाएवढा खळगा पडलेला. त्याने तो खळगा झाकणाच्या भोकावर ठेवून पाहिला, तो नेमका त्यात बसला. मग पिशवी खिशात कोंबून त्याने नुसतं झाकण लावलं, आणि घाट संपेपर्यंत गाडी कुठे थांबली नाही.