वेणूची आखूड सुरी

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की ती ज्या राज्यात घडली त्याचं नावही आता कुणाला आठवत नाही. त्या राज्यात समुद्राकाठी एक गाव होतं. तिथली माणसं श्वास रोखून तळाशी जात आणि मोत्यांचे शिंपले वर आणत. एकट्याने बुडी मारायची नाही, दोघांनी मिळूनच उतरायचं, असा गावाचा नियम होता.

वेणू आणि तिचा थोरला भाऊ तुळाजी यांची अशीच जोडी होती. तुळाजीचा दम मोठा. वेणूला मात्र प्रश्न फार पडत. मासे झोपतात कधी? शिंपल्याला कसं कळतं, की आपण आलो?

एका वर्षी मोठं वादळ झालं. कोळ्यांची जाळी तुटली आणि तळाच्या खडकांना जाऊन अडकली. तेव्हा पंचांनी सांगितलं, "यापुढे अंगावर हत्यार असल्याशिवाय कुणी पाण्यात उतरायचं नाही."

दोघं भावंडं लोहाराकडे गेली. तुळाजीने लांब, टोकदार कट्यार उचलली. तिच्या मुठीवर मोराचं नक्षीकाम होतं.

"बघ वेणू! हिला बघून माणसं फाडणारी मुशीसुद्धा पळेल."

"दादा, मुशीने आपल्या गावात कधी कुणाला धरलंय का?"

तुळाजीने आठवून पाहिलं. एकही नाव आठवेना.

"मग आपल्याला धरतं काय?"

"जाळं," तो म्हणाला.

"मग जाळं कापायला यातलं कुठलं चांगलं?" वेणूने लोहाराला विचारलं.

लोहार हसला. "पोरी, मी हत्यारं घडवतो खरी, पण पाण्याखाली कधी गेलेलो नाही. जे अडकून सुटलंय, त्याला विचार."

गावात असं एकच माणूस होतं, ठमाकाकू. तरुणपणी ती जाळ्यात सापडली होती आणि त्यानंतर पुन्हा कधी पाण्यात उतरली नव्हती. वेणू तिच्या अंगणात जाऊन बसली.

"काकू, अडकल्यावर काय वाटतं?"

इतक्या वर्षांत हे तिला कुणी विचारलंच नव्हतं.

"वाटतं, मागून कुणीतरी धरलंय. मग आपण वळून बघतो. वळलं की जाळं आणखी गुंडाळतं. मी तीनदा वळले, म्हणून मरायला टेकले. वळायचं नाही गं. थांबायचं. कुठं अडकलंय ते हाताने चाचपायचं, तेवढंच कापायचं आणि आलो त्या वाटेने मागे सरकायचं."

"आणि सुरी कशी घ्यायची?"

"टोकाची नको, घाईत आपल्याच अंगात जाईल. आखूड घे, एका बाजूला दाते असलेली. आणि अशा जागी बांध, की कुठलाही हात पोचेल."

वेणूने तेही नुसतं ऐकून घेतलं नाही. लोहाराकडून तिने तीन सुऱ्या मागून आणल्या आणि कमरेएवढ्या पाण्यात उभी राहिली. डोळे मिटून, डाव्या हाताने, भिजलेले दोर कापत बसली. काठावरची माणसं हसत होती. लांब पातं ओल्या दोरावरून नुसतं घसरत होतं. दात्यांची आखूड सुरी मात्र चार ओढींत दोर तोडत होती. वेणूने तीच घेतली आणि पोटावर पट्ट्यात खोचली. तुळाजीने कट्यार पोटरीला बांधली, सगळ्यांना दिसेल अशी.

पुढे एका दुपारी दोघं खोल गेली. तुळाजी एका खडकाखाली शिरला आणि कट्यारीची मूठ जाळ्यात अडकली. त्याने पाय ओढला. निघेना. तो वळला. जाळं खांद्यावर आलं. कट्यार उपसायला तो वाकला, तर हात पोटरीपर्यंत पोचेना.

वेणूने ते पाहिलं. तिचा निम्मा दम संपला होता. तिने झेप घेऊन भावाचा हात ओढला. जाळं आणखी आवळलं. तुळाजीचे डोळे भीतीने विस्फारले.

तेव्हा वेणू थांबली. तिने दोन्ही तळव्यांत त्याचा चेहरा धरला आणि त्याच्या डोळ्यांत पाहत राहिली. एक क्षण, दोन क्षण. त्याची धडपड थांबली. मग तिने चाचपलं. जाळं सगळीकडे दिसत होतं, पण धरून होतं दोनच ठिकाणी. तिने खांद्याचा दोर कापला. पोटरीपाशी जाळ्याला हातही लावला नाही. कट्यारीचा पट्टा कापला. पाय सुटला. तिने भावाला हळूच मागे सरकवलं आणि दोघं वर आली.

होडीत तुळाजी खूप वेळ खोकत पडून राहिला. मग म्हणाला, "तू माझा चेहरा धरलास, तेव्हा मला वाटलं, निरोप घेतेयस."

"नाही रे दादा. तू हलत होतास, तोवर मला कापताच येत नव्हतं."

तुळाजीने मान खाली घातली. त्याला रडू आलं, आणि ते त्याने लपवलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्याने गावातल्या सगळ्या पाणबुड्यांना गोळा केलं. महिनाभर कुणी शिंपल्यांना हात लावला नाही; जोडीजोडीने उतरून त्यांनी खडकांवरची जाळी कापून काढली. आणि इतक्या वर्षांनी ठमाकाकू पुन्हा पाण्यात उतरली. कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून ती नव्या पोरापोरींना जाळ्यात गुंडाळी आणि आधी स्वस्थ राहायला शिकवी.

तात्पर्य : साधन निवडावं ते संकट कसं आहे हे विचारून, आणि संकटात ते चालवावं ते आधी मन स्थिर करून.